‘दर दोन तासांनी कूस बदला’ म्हणजे नेमकं काय करायचं?

समोरच्या विंगमधल्या काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा जून संपत आला होता. 12 दिवस वॉर्डात काढून ते घरी परतले. चाळीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि तासाभरात त्यांचा मुलगा डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्या दारात उभा राहिला. मी 32 वर्षं मुंबईतल्या वॉर्डांमध्ये स्टाफ नर्स होते. निवृत्त झाले तरी लालबागच्या आमच्या चाळीत मी सिस्टरच आहे.

कार्डावर गोळ्या होत्या, 15 दिवसांनी ओपीडीला या असं होतं आणि तळाशी घाईत खरडलेली एक ओळ होती: पोझिशन चेंज दर दोन तासांनी, बॅक केअर, फॉल प्रिकॉशन. मुलगा म्हणाला, “मावशी, गोळ्यांचं समजलं. हे खालचं काय करायचं?”

त्या एका ओळीत नर्सिंगचं अर्धं शिक्षण आहे. ती लिहून घरच्यांच्या हातात द्यायची आणि करून दाखवायचं नाही, याचा मला राग येतो. एका नर्सच्या वाट्याला किती पेशंट येतात हे मला कुणी सांगायला नको. तरीही निघण्याआधी दहा मिनिटं काढून त्या मुलाच्या हातून एकदा कूस बदलून घ्यायला हवी होती. ती दहा मिनिटं मी इथे देते आहे.

आधी हे समजून घेऊ की झोपून राहिल्याने बिघडतं काय. आपल्याकडे आजारी माणसाला ‘पडून राहा, हलू नका’ असं मायेनेच सांगतात. पण शरीर पडून राहण्यासाठी घडलेलं नाही. रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी 1947 मध्येच अंथरुणाच्या धोक्यांबद्दल जाहीरपणे लिहून डॉक्टरांना सावध केलं होतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट वृद्धांना 10 दिवस फक्त झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू गेले. कुठलाही आजार नसताना. मग झटका आलेल्या, पोटात धड अन्न जात नसलेल्या माणसाचं काय होत असेल? शिवाय सतत उताणं झोपल्याने फुप्फुसांच्या खालच्या भागात हवा नीट पोचत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पोटऱ्यांचे स्नायू हलले नाहीत की शिरांमधलं रक्त संथ होतं आणि गुठळी धरू शकते. शौचाला खडा होतो. पावलं पुढे लोंबकळत राहिली तर घोट्याचे स्नायू आखडतात आणि पुढे माणूस उभा राहिला तरी टाच टेकत नाही.

आणि मग बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम. याला जरा वेळ देते, कारण घरी सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आपल्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताने दाबून बघा. नखाखालचा गुलाबी रंग जातो आणि ते पांढरं पडतं. सोडलं की परत गुलाबी होतं. दाबलं तेव्हा तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटल्या, सोडलं तेव्हा उघडल्या. या रक्तवाहिन्यांमधला दाब रक्तदाबाच्या मानाने फारच कमी असतो, साधारण पाऱ्याच्या 32 मिलिमीटरच्या आसपास. त्याहून जास्त दाब बाहेरून पडला की त्या मिटतात. कडक गादीवर उताणं झोपलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली त्याहून कितीतरी जास्त दाब पडतो. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, कारण त्या जागेला रग लागते आणि शरीर आपोआप वळतं. काकांना उजव्या बाजूची रग कळत नव्हती आणि कळली असती तरी वळता येत नव्हतं. तास-दोन तास नख तसंच दाबून धरलं तर काय होईल याची कल्पना करा. तिथलं मांस रक्तावाचून मरायला लागतं, आणि तेही वरून दिसायच्या आधी, आत हाडालगत.

दाबापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे ओढ. तळहात टेबलावर घट्ट दाबा आणि तसाच पुढे रेटा. कातडी टेबलाला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, जाणवतं ना? डोक्याकडची बाजू खूप उंच करून ठेवली की माणूस हळूहळू पायाकडे घसरतो तेव्हा कमरेखाली हेच होतं. घरचे बगलेत हात घालून त्याला फराफरा वर ओढतात तेव्हाही हेच होतं, पण दसपट. आतल्या रक्तवाहिन्या पिळवटून तुटतात. म्हणून जेवणाची वेळ सोडली आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर डोक्याकडची बाजू 30 अंशांपेक्षा जास्त उंच ठेवू नये. 30 अंश म्हणजे दोन बऱ्यापैकी भरलेल्या उशांएवढा उतार.

तिसरी वैरीण ओल, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती घरात मुक्कामालाच असते. गॅलरीत दोरीवर टाकलेली चादर दोन दिवस वाळत नाही, खालचा रबरी कपडा घामाने ओला होतो आणि डायपर बदलायला उशीर झाला की कातडी पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी सुरकुतते. अशी कातडी जराशा घर्षणाने सोलवटते. कोमट पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा, घासू नका, आणि लघवी-शौच लागणाऱ्या भागावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या. जांघेत, काखेत, स्तनांखाली पावडर थापू नका. घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात.

आता बॅक केअर. दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात, डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी बघायची. डोक्याची मागची बाजू, कानांच्या पाळ्या, खांद्यांची पाती, कोपरं, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा. जिथे हाड कातडीजवळ आहे तिथे थांबायचं. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त अजून फिरतं आहे. त्या बाजूवर झोपवणं लगेच थांबवा, बहुधा जागा सावरते. दाबूनही लालच राहिला तर बेडसोर सुरू झाला आहे, कातडी फाटलेली नसली तरी. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, म्हणून हाताच्या पाठीने तपासा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत, जांभळट झालेली जागा असेल तर ती लालीच समजा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आम्हाला प्रशिक्षणात पाठीला स्पिरिट लावून गोल गोल चोळायला आणि वर पावडर मारायला शिकवलं होतं. वर्षानुवर्षं मी ते मनापासून केलं आणि विद्यार्थिनींना शिकवलंही. नंतर कळलं की स्पिरिट कातडी कोरडी करतं आणि लाल झालेली जागा चोळली तर आतल्या कमजोर रक्तवाहिन्यांना आणखी इजा होते. आता तसं करत नाहीत. निरोगी पाठीवरून तेलाचा हलका हात फिरवा, माणसाला फार बरं वाटतं. पण लाल जागा अजिबात चोळू नका. तसंच टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवणं आणि बसायला मध्ये भोक असलेलं रबरी कडं देणं. दोन्ही गोष्टी अजून दिसतात, दोन्ही बंद करा. कड्याने मधली जागा सुटते पण कडेला दाब वाढून मधलं रक्त अडतं. टाचांसाठी सगळ्यात चांगला उपाय घरातच असतो. पोटरीखाली आडवी मऊ उशी अशी ठेवा की टाच गादीवरून सुटून हवेत राहील. टाचेखालून कागद सरकला पाहिजे. उशीचा भार सगळ्या पोटरीवर सारखा यावा आणि गुडघा किंचित वाकलेला असावा.

हे सगळं खरंच थांबवता येतं का, असं लोक विचारतात. केईएमच्या नर्स अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर 18 मे 2015 ला मृत्यू येईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात खाटेला खिळून होत्या. 2011 मध्ये त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा तिथे नोंदलं गेलं की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झालेला नाही. तिथल्या नर्सेसच्या पिढ्या बदलल्या, खाटेवरची बाई तीच राहिली. ती नोंद वाचताना माझ्यासारख्या कुठल्याही नर्सच्या डोळ्यांपुढे रात्रीच्या पाळ्या उभ्या राहतात, कारण अशी पाठ कुठल्या औषधाने राखता येत नाही. ती दर काही तासांनी दोन हातांनी वळवूनच राखावी लागते.

तर आता वळवण्याकडे. काकांची खोली म्हणजे आमच्या सगळ्यांसारखीच, दहा बाय बारा. खाट दोन भिंतींच्या कोपऱ्यात ढकललेली. पहिलं काम मी हे केलं की खाट भिंतीपासून दीड फूट ओढून घेतली, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही एक माणूस उभा राहू शकेल. काकू म्हणाल्या, “मग कपाट उघडायचं कसं?” कपाट सरकलं. खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा घट्ट बसवल्या, कारण खाट इतकी बुटकी होती की काम करणाऱ्याची पाठ मोडली असती. ही उंची कामापुरती. काकांना उतरवून उभं करायची वेळ आली तेव्हा आम्ही विटा काढल्या. बसल्यावर पाय जमिनीला टेकले नाहीत तर माणूस घसरतो.

मग काकूंना जुनी सुती साडी मागितली. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिची चौपदरी घडी केली, खांद्यांपासून मांड्यांच्या मध्यापर्यंत पुरेल एवढी, आणि ती काकांच्या अंगाखाली आडवी, सुरकुती न ठेवता पसरली. रुग्णालयात याला ड्रॉशीट म्हणतात. या एका कापडाने सगळं सोपं होतं, कारण आता माणसाला धरून ओढायचं नसतं, साडी धरून सरकवायचं असतं.

सगळ्यात आधी काकांशी बोलायचं. “काका, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतो आहोत. तीन म्हटलं की.” बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. न सांगता अंगाला हात लावला की माणूस घाबरून ताठ होतो आणि ताठ झालेलं अंग दुप्पट जड लागतं. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, असेल तर ती मोकळी करून घ्या, पिशवी वळायच्या बाजूला आणा आणि ती कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकती ठेवा.

डाव्या कुशीवर वळवायचं तर आधी साडी धरून काकांना थोडं उजव्या कडेकडे सरकवलं, नाहीतर वळल्यावर ते खाटेच्या काठावर गेले असते. मग डाव्या हाताने त्यांनी स्वतःच आपलं उजवं मनगट धरलं आणि छातीवर आणलं. हा हात त्यांनीच धरायचा, कारण अर्धांगात खांद्याचे स्नायू ढिले पडतात आणि कुणी तो हात ओढला तर खांदा निखळतो. हे दुखणं मी इतक्या जणांना सोसताना पाहिलं आहे की त्या मुलाला मी तीनदा बजावलं: उजव्या हाताला धरून काहीही ओढायचं नाही. मग उजवा गुडघा वाकवला. मुलगा डाव्या बाजूला उभा राहिला, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ. त्याने एक हात काकांच्या उजव्या खांद्यामागे आणि एक उजव्या खुब्यावर ठेवला. एक, दोन, तीन, आणि त्याने स्वतःचा भार मागच्या पायावर नेला. हातांनी ओढायची गरजच पडली नाही. त्याचं अंग मागे गेलं तसे काका त्याच्याकडे वळले. तो माझ्याकडे बघतच राहिला. वॉर्डात पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मीही तशीच बघत राहिले होते.

पूर्ण नव्वद अंशात कुशीवर झोपवायचं नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून 30 अंशांवर तिरकं टेकवायचं, म्हणजे भार नितंबाच्या मांसल भागावर पडतो. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, वर आलेल्या हाताखाली एक उशी. आणि शेवटी आपला हात कमरेखाली घालून बघायचं: माकडहाड गादीपासून मोकळं आहे ना? उशा पुरत नसतील तर गोधडीची गुंडाळी चालते. लुळ्या बाजूवर झोपवायलाही हरकत नाही, पण खांदा अंगाखाली दबू न देता जरा पुढे काढून घ्यायचा आणि ती पाळी छोटी ठेवायची.

एकटं असताना माणूस आपल्याकडेच वळवा, म्हणजे काठाशी तुमचं अंग आडवं असतं. तुमच्यापासून पलीकडे वळवायचं असेल तर तिकडे भिंत किंवा दुसरा माणूस हवा. मणक्याला मार असेल, खुब्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा नवं हाड मोडलेलं असेल तर यातलं काहीही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका. तिथले नियम वेगळे असतात.

पायाकडे घसरलेल्या माणसाला वर घ्यायचं तर दोघांनी साडीच्या कडा अंगाला लागून गुंडाळून घट्ट धरायच्या, खाट सपाट करायची, डोक्याकडच्या कठड्याला एक उशी उभी लावायची. माणसाला हनुवटी छातीला लावायला आणि चांगला पाय वाकवून गादीवर रोवायला सांगायचं. तीन म्हटलं की त्याने पायाने रेटायचं आणि आपण सरकवायचं. तो जेवढं करू शकतो तेवढं त्याला करू द्या. काकू सुरुवातीला म्हणायच्या, “राहू दे, त्यांना त्रास होईल.” पण जेवढं आपण करून टाकतो तेवढं तो विसरत जातो.

उचलण्याबद्दल एवढंच सांगते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रावरून 2007 मध्ये हिशेब मांडला गेला, त्यात एका माणसाने पेशंटचा साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार हाताने उचलू नये असं निघालं. आपल्या घरात साठ किलोच्या सासऱ्यांना पंचेचाळीस किलोची सून एकटी उचलते. काही महिन्यांत तिची कंबर जाते. कंबर गेल्यावर त्या घरात दोन पेशंट होतात, आणि दुसऱ्याची सेवा करायला कुणी नसतं.

दर दोन तासांनी हा नियम पहिल्या दिवसांसाठी धरा. पुढे कातडी सांगते. कूस बदलल्यावर लाली अर्ध्या तासात जात नसेल तर दोन तास जास्त आहेत, वेळ कमी करा. कातडी स्वच्छ राहत असेल आणि चांगली गादी असेल तर डॉक्टर रात्रीचं अंतर वाढवायला परवानगी देतात. आळीपाळीने फुगणारी हवेची गादी भाड्यानेही मिळते. ती मदत करते, पण वळवणं थांबत नाही. तिच्यावर एकच पातळ चादर घाला; मायेने गोधडी अंथरली की गादीचा उपयोग संपला. गादीखाली, माकडहाडाच्या जागी तळहात घालून बघा, हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. आणि खुर्चीत बसवलेल्या माणसाला आपण मोकळे समजतो, पण बसल्यावर भार कमी जागेवर येतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला बाजूला कलवा किंवा पुढे वाकवा.

ओळीतला तिसरा शब्द, फॉल प्रिकॉशन, म्हणजे माणूस पडू नये म्हणून घ्यायची काळजी. दहा-बारा दिवस आडव्या असलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्त पायात उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने उतरला तर ती धोक्याची खूण धरतात. म्हणून आधी कुशीवर वळवा, पाय खाटेवरून खाली सोडा, कोपरावर रेटून बसतं करा आणि काही मिनिटं तसंच बसू द्या, पावलं जमिनीवर टेकलेली. चक्कर नाही, घाम नाही, चेहरा पांढरा नाही, मगच पुढे. पायात मोजे नकोत, रबरी तळाची मागे पट्टा असलेली चप्पल हवी.

उभं करताना खुर्ची चांगल्या बाजूला, खाटेला चिकटून ठेवा. हलकी प्लास्टिकची नको, ती भार पडला की सरकते. तुम्ही समोर, तुमचे गुडघे त्याच्या लुळ्या गुडघ्याला टेकू देऊन. त्याला पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांपुढे येईपर्यंत. मागे टेकून कुणालाच उठता येत नाही, स्वतः करून बघा. तुमचे हात त्याच्या कमरेभोवती, खांद्यांखाली नव्हे. आणि त्याला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. घाबरला की तो लोंबकळतो आणि दोघंही पडता. तोल गेलाच तर झेलायचा प्रयत्न नको. त्याला जवळ घ्या, एक पाय पुढे करा आणि त्या पायावरून हळूहळू जमिनीवर बसवा. डोकं तेवढं सांभाळा.

काठी चांगल्या हातात धरायची, दुखऱ्या बाजूला नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

आमच्या घरांमध्ये पडण्याची जागा ठरलेली आहे: मोरी. तिचा उंबरा, ओली फरशी, साबणाचं पाणी, आणि रात्री दिवा न लावता उठणारा म्हातारा माणूस. ज्या चाळींत संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक आहेत तिथे तर पावसाच्या झडीत सगळी गॅलरीच ओली. काकांसाठी आम्ही कमोडची खुर्ची आणली आणि रात्री खाटेशेजारी ठेवली. लाजेने ते आधी नको म्हणाले. साडीचा पडदा लावला, मुलाने बाहेर गॅलरीत जाऊन उभं राहायचं ठरलं, मग तयार झाले. झोपण्याआधी लघवीला नेणं, रात्रभर छोटा दिवा चालू ठेवणं, चष्मा आणि पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर, हाक मारायला एक घंटी. पडझड टाळण्यासाठी हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पेशंट रात्री बडबडतो, उठायला बघतो म्हणून हात बांधणारी घरं मी पाहिली आहेत. बांधल्याने भीती आणि धडपड वाढते. त्यापेक्षा खाट बुटकी करा, शेजारी जमिनीवर गादी घाला आणि अचानक भ्रम झाला असेल तर डॉक्टरांना कळवा, कारण बहुतेकदा त्यामागे ताप, जंतुसंसर्ग, शौच तुंबणं किंवा एखादं औषध असतं.

पडलाच तर धावत जाऊन उचलू नका. आधी विचारा, बघा. एक पाय आखूड दिसतो आहे आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं आहे, तर खुब्याचं हाड मोडलं असणार. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी थांबायचं नाही. दोन्ही वेळा 108.

पायांना तेल चोळण्याबद्दलही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन्ही पोटऱ्या रोज शेजारी शेजारी बघा. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखते आहे, तर ती चोळायची नाही; आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला तर वाट बघू नका. तसंच जखम उघडी पडली, काळी झाली, वास यायला लागला किंवा ताप आला की ती घरच्या मलमाची राहिलेली नसते.

भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि जेवल्यावर अर्धा तास तसाच. लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहतो आणि झोपल्यावर श्वासनलिकेत जातो, म्हणून शेवटी बोट फिरवून गाल तपासा. घास गिळल्यावर आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा झाला किंवा ठसका लागला तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

राहिला आराम. कार्डावर त्याचा उल्लेखही नव्हता. चादरीखालचा पोळीचा एक कण आपण झटकून टाकतो. ज्याला हलता येत नाही त्याला तो रात्रभर टोचतो. दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ करा, ओठांना साजूक तूप लावलं तरी चालतं. पण काकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक पडला तो खाटेची दिशा बदलल्याने. आधी ते भिंतीकडे तोंड करून असायचे. डोकं दुसऱ्या बाजूला केलं तशी त्यांना दारातून गॅलरी दिसायला लागली: पेपरवाला, शाळेत निघालेली पोरं, समोर पापड वाळत घालणाऱ्या बायका. त्यांच्या डोक्यावरून त्यांच्याचबद्दल बोलणंही आम्ही बंद केलं. जे बोलायचं ते त्यांच्याशी.

मुलाने कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने रकाने आखले. वेळ, कुठली कूस, कातडी कशी आहे, कुणी वळवलं. रात्री दहा आणि बारा मुलगा, दोन आणि चार सून, सहाला काकू. पहिल्या आठवड्यात टाचेवर एक लाल डाग आला होता, तो त्या रकान्यात सापडतो आणि पाच दिवसांनी नाहीसा झालेलाही सापडतो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी चादर बदलायला म्हणून गेले. काकूंनी साडीची एक कड धरली, मी दुसरी, आणि नेहमीसारखं मोजायला लागलो. दोनवरच काकांनी डावा पाय रोवला आणि कंबर उचलून धरली. काकूंनी खालची चादर ओढून काढली, नवी घातली, कोपरे ताणले, आणि तेवढा वेळ ते तसेच राहिले.